न धुतलेली गाडी

गॅरेजमध्ये त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे कानसेन म्हणत. हे नाव एका चिडलेल्या गिऱ्हाइकाने कुचेष्टेने ठेवलं होतं आणि तासाभरात चाक उघडल्यावर त्याच गिऱ्हाइकाने ते आदराने घेतलं होतं. त्याला वीस वर्षं झाली. कानसेनला नाव आवडायचं, फक्त आवडतं असं तो कबूल करत नसे.

ब्रेकची तक्रार घेऊन गाडी आली की बाकीचे मेकॅनिक जॅक शोधायला लागायचे. कानसेन चावी मागायचा. काच खाली, रेडिओ बंद, आणि गाडीवाला शेजारी बसलाच तर त्याचं तोंडही बंद. फाटकातून डावीकडे, फरशीच्या दुकानावरून उतारावर, पाण्याच्या टाकीला वळसा आणि परत. एवढ्या फेरीत तो तीनदा ब्रेक दाबायचा, एकदा हळू, एकदा बऱ्यापैकी आणि एकदा सणसणीत. परत आला की खाली उतरायच्या आधीच निकाल द्यायचा. "पुढचं डावं चाक. आतलं पॅड." किंवा "पॅड ठीक आहेत, डिस्क वाकडी झालीय." मग चाक उघडायचं ते केवळ त्याचं खरं ठरलं हे बघायला. "कान असताना हात कशाला काळे करायचे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दिवसातून तीनदा ऐकून ते सगळ्यांना पाठ झालं होतं.

मालक त्याच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. पाना कसा धरायचा हे कानसेननेच त्याला शिकवलेलं, त्यामुळे गॅरेज मालकाचं असलं तरी अरे-तुरे कानसेन करायचा आणि मालक त्याला 'उस्ताद' आणि 'तुम्ही' म्हणायचा. मालकाने दोन वर्षांपूर्वी एक नवं खूळ काढलं होतं. ब्रेकसाठी आलेली प्रत्येक गाडी परत देण्याआधी मागच्या शेडमध्ये फुकट धुऊन द्यायची. आणि हे काम दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही, स्वतः करायचा, तेही बाकीचे जेवायला बसले की. अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर यायचा तेव्हा बाह्या भिजलेल्या आणि हात कोपरापर्यंत काळे.

"गॅरेज काढलंस की लाँड्री?" कानसेन डब्यावरून विचारायचा. "उद्या इस्त्रीपण करून देशील."

"गिऱ्हाइकाला बरं वाटतं, उस्ताद," मालक म्हणायचा आणि थंड झालेला डबा उघडायचा.

आता ब्रेकच्या पॅडची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटतात आणि गाडी थांबते. पॅड झिजायला आलं की त्याला लावलेली एक छोटी पोलादी पट्टी डिस्कला घासते आणि बारीक, कर्कश शिट्टी वाजते. ती मुद्दामच तशी वाजते. पॅड बदला, अजून वेळ आहे, एवढंच तिला सांगायचं असतं. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर मग लोखंडावर लोखंड घासायला लागतं, जाड घरघर सुरू होते आणि डिस्क कामातून जाते.

घरघर कानसेनला अजून लांबून ऐकू यायची. इंजिन, बेअरिंग, माणसांचं बोलणं, सगळं ऐकू यायचं. फक्त बारीक आवाज गेले होते. कान जातो तो असाच जातो, वरच्या पट्टीपासून, आणि जाताना सांगत नाही. जे ऐकूच आलं नाही ते राहून गेलं हे माणसाला कळणार कसं? आजकालच्या गाड्या पूर्वीपेक्षा शांत झाल्यात, असं कानसेन म्हणायचा. त्याला ते खरंच वाटायचं.

त्याची मुलगी शहराच्या कडेला टेकडीवर राहायची. नवऱ्यापासून वेगळी झालेली, एका छापखान्यात मजकूर तपासायची नोकरी, आणि सात वर्षांची लेक. लेकीला घरात ठिपकी म्हणत, कारण जन्मली तेव्हा तेवढीशीच होती. दोघी रोज सकाळी गाडीने टेकडी उतरायच्या, आधी शाळा, मग छापखाना. दीड किलोमीटरचा उतार आणि चार वळणं. महिन्यातून एका रविवारी दोघी आई-बाबांकडे यायच्या.

तशा एका रविवारी मुलगी गाडीतून उतरता उतरताच म्हणाली, "बाबा, ब्रेकला पाय लावला की बारीक शिट्टी वाजते. डोकं उठतं अगदी. उद्या गॅरेजमध्ये आणू का? धुऊनपण मिळेल."

"घरी बादली नाही का?" कानसेनने हात पुढे केला. "चावी दे इकडे. आणि माझी मुलगी गॅरेजमध्ये रांगेत उभी राहणार? लोक काय म्हणतील मला?"

ठिपकी हट्टाने मागच्या सीटवर बसली. गॅरेजची फेरी इथे नव्हती म्हणून तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथला उतार उतरला आणि तीनदा ब्रेक दाबला. हळू. काही नाही. बऱ्यापैकी. काही नाही. तिसऱ्यांदा सणसणीत दाबला आणि त्याची नजर आरशात गेली. ठिपकी दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबून, डोळे मिटून बसली होती.

"काय गं नाटकी? आजोबा एवढी वाईट गाडी चालवतात?"

"आवाज होतोय."

"कसला?"

"ईईई असा."

"तो डासाचा असतो," आजोबा म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर दारापर्यंत हसत आले.

मुलगी फाटकात वाट बघत होती. तिच्या मागे कानसेनची बायको वाळलेले कपडे हातावर घेऊन उभी होती. "काही नाही," त्याने चावी मुलीच्या हातात टाकली. "डिस्कवर धूळ बसलीय. आपोआप जाईल."

"नक्की? मला चांगलं ऐकू येतं हो."

"मेकॅनिक कोण, तू का मी?"

मुलीने हसून हात जोडले. लहानपणापासून तिने हेच पाहिलं होतं. पंखा असो, पाण्याचा पंप असो, शेजाऱ्यांचं शिवणयंत्र असो, बाबा कान लावायचे आणि सांगायचे. बाबांनी सांगितलं म्हणजे झालं, ही तिची सवय पस्तीस वर्षांची होती. एका शिट्टीसाठी ती कशी मोडणार?

बायको मात्र हसली नाही. तिने मुलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन गॅसवरची शिट्टीची किटली उतरवली. किटली वाजायला लागून मिनिट होऊन गेलं होतं. दोन वर्षं ती हेच करत होती. किटली वाजली की आधी धावायचं, फोन वाजला की "अहो, फोन" म्हणायचं, आणि आपण जवळ होतो म्हणून आपल्याला आधी कळलं असं भासवायचं. नाकावर माशी बसू न देणारा नवरा, आणि सगळा डौल त्या दोन कानांवर. तिने कानाडोळा केला होता तो प्रेमापोटी केला होता.

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. "बाबा, शिट्टी गेली बरं का."

"सांगितलं नव्हतं?" कानसेन म्हणाला आणि फोन ठेवून बायकोला ते दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्येही सांगितलं. पोरीला वाटत होतं ब्रेक गेले, मी गल्लीच्या टोकाला जाऊन आलो, धूळ निघाली. सगळे हसले. मालक तेव्हा शेडमध्ये गाडी धूत होता, त्याने हे ऐकलं नाही.

शिट्टी गेली होती कारण शिट्टी वाजवणारी पट्टीच झिजून तुटून पडली होती.

पुढच्या रविवारी ठिपकीला ताप, त्यानंतरच्या रविवारी छापखान्यात काम. दोघी आल्याच नाहीत. मग एका सोमवारी उतारावर जाड घरघर सुरू झाली. मुलीच्या मनात आलं, रविवारी जाऊ तेव्हा बाबांना सांगू. त्या रविवारी ती आली असती तर त्याने ती घरघर गल्लीच्या तोंडाशीच ओळखली असती, खुर्चीतून न उठता. पण तिसऱ्या वळणावर ब्रेक गेला तो गुरुवारी, सकाळी आठ वाजता.

पेडल खाली बसलं ते वर आलंच नाही. तिने पुन्हा दाबलं, हँडब्रेक ओढला. गाडी मंदावली पण थांबेना, आणि पुढे शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. तिने विचार करून गाडी उजवीकडच्या दगडी भिंतीवर घातली, आपली बाजू पुढे करून. ठिपकीच्या भुवईला चार टाके पडले. मुलीचा उजवा घोटा पेडलच्या मागे अडकला आणि तीन ठिकाणी मोडला. डॉक्टरने एक्स-रे खिडकीकडे धरून सांगितलं की हाडं जुळतील, ती चालेलही, पण हा घोटा आता पूर्वीसारखा वाकणार नाही. कानसेनने विचारलं, म्हणजे किती दिवस? डॉक्टर म्हणाला, दिवसांचा प्रश्न नाही, काका.

शुक्रवारी गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. मालक म्हणाला, उस्ताद, तुम्ही घरी जा, मी बघतो. कानसेनने त्याच्या हातातून पाना घेतला.

पुढचं डावं चाक निघालं तेव्हा आत सगळं तेलाने माखलेलं होतं. आतल्या पॅडवर झिजायला काही उरलंच नव्हतं. मागची लोखंडी पाटी तेवढी होती, तीही निम्मी खाल्लेली. पॅडला ढकलणारा दट्ट्या त्यामुळे पुढे पुढे येत शेवटी बाहेरच आला होता आणि ब्रेकचं तेल तिथून गेलं होतं. डिस्क तापून निळी पडली होती. कानसेनने तिच्यावरून नख फिरवलं. नख एकेका चरात अडकत, उड्या मारत गेलं. अशी डिस्क लेथवर घासूनही सुधारत नाही. भंगारात टाकायची.

त्याने पॅड उजेडात धरलं. जिथे शिट्टीची पट्टी असते तिथे तुटलेलं बूड होतं, घासून आरशासारखं झालेलं. एवढी घासली म्हणजे ती किती वाजली असेल, याचा हिशोब त्याच्याइतका कुणाला येत नव्हता. ती आठवडेच्या आठवडे ओरडत होती. त्या रविवारी त्याच्या हाताखाली तीनदा ओरडली होती.

 तरी एक गोष्ट करून बघायची त्याने सोडली नाही. सकाळीच एक टॅक्सी शिट्टीची तक्रार घेऊन आली होती. "ती काढ," तो मालकाला म्हणाला. "फाटकातून माझ्यासमोरून ने आणि ब्रेक दाब."

"आत्ता कशाला, उस्ताद?"

"दाब म्हणतो ना."

मालकाने टॅक्सी नेली. कानसेन फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिला, मान थोडी तिरकी, चाळीस वर्षं उभा राहायचा तसा. टॅक्सी त्याच्यापासून चार पावलांवर थांबली. टायरखाली वाळू करकरली, इंजिन धपधपत राहिलं. पलीकडे बाकावर बसलेल्या टॅक्सीवाल्याने दात आवळून तोंड वाकडं केलं आणि एक बोट कानात घातलं.

कानसेनने मालकाकडे पाहिलं. "वाजलं?"

मालक स्टिअरिंगकडे बघत राहिला. "थोडंसं."

"खोटं बोलू नकोस."

"खूप वाजलं, उस्ताद."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

मालकाने इंजिन बंद केलं. तो उतरला नाही. "दोन वर्षं झाली. त्या डॉक्टरीणबाईंची गाडी तुम्ही पास केली होती, आठवतं? ती फाटकातून बाहेर पडताना शिट्टी वाजवत गेली आणि तुम्ही तिला हात करत होतात. मी धावत जाऊन परत आणली. धुवायची राहिली म्हणून सांगितलं."

 कानसेनने मागच्या शेडकडे एकदा पाहिलं. भिंतीला पाण्याची नळी गुंडाळलेली होती आणि तिच्या खाली जॅक होता. धुण्याच्या शेडमध्ये जॅक कशाला, हे त्याने दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"तुम्ही पास केलेली प्रत्येक गाडी मी मागे नेऊन उघडतो," मालक हळू आवाजात म्हणाला. "चारही चाकं. मग वरून पाणी मारतो." त्याला वाटलं आता तरी म्हाताऱ्याला जरा धीर येईल, म्हणून तो काच आणखी खाली करून म्हणाला, "एकसुद्धा चुकीची बाहेर गेली नाही, उस्ताद. दोन वर्षांत एकसुद्धा नाही. तुमच्या नावाला मी धक्का लागू दिला नाही."

हे ऐकून कानसेन खाली बसला, तिथेच, फाटकातल्या तेलकट जमिनीवर. शहरातल्या परक्या लोकांच्या गाड्या, ज्यांची नावंही त्याला ठाऊक नव्हती, त्या सगळ्या कुणीतरी पुन्हा उघडून पाहिल्या होत्या. निव्वळ त्याच्या कानाच्या भरवशावर रस्त्यावर गेलेली गाडी एकच होती. ती धुऊन घ्यायला मुलगी आणते म्हणत होती आणि त्याने घरी बादली आहे म्हणून सांगितलं होतं.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?" त्याने विचारलं.

"तोंड नाही झालं माझं," मालक म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत मला."

घरी गेला तेव्हा बायको हॉस्पिटलचा डबा भरत होती. गॅसवर किटली होती. तो ओट्याशी उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. तोटीतून वाफेची बारीक रेघ निघाली, मग जाड झाली, झाकण थरथरायला लागलं. बायकोचा हात सवयीने गॅसकडे गेला आणि मध्येच थांबला.

"वाजतेय?" त्याने विचारलं.

"हो."

"त्या रविवारी गाडीचं ऐकलं होतंस?"

तिने गॅस बंद केला. "फाटकाशी वळली तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काही नाही म्हणालात," ती म्हणाली.  "मला वाटलं, शिट्टीचं काय एवढं, तुम्हाला हाताला तरी कळलं असेल. चार माणसांत तुमचा कान गेला म्हणून कसं सांगू? मला काय ठाऊक, पोरीच्या पायावर येईल म्हणून?" तिने डब्याचं झाकण लावलं, ते लागेना, पुन्हा लावलं.  त्याने डबा तिच्या हातातून घेतला आणि झाकण लावून दिलं.

शनिवारी दुपारी दोघं हॉस्पिटलमध्ये होती. मुलीच्या पायाला लोखंडी चौकट बसवली होती, चामडीतून आत गेलेल्या सळयांसकट. ती जागी होती तोवर बाबांचीच समजूत काढत होती. "तुमचा काय दोष, बाबा. तेव्हा नव्हतंच काही. शिट्टी गेली होती ना नंतर, तुम्ही म्हणालात तशी." ती अजून त्याच्यावर विश्वास ठेवत होती. त्याला सांगायचं होतं, शब्द ओठांपर्यंत आलेही होते, पण तिचे डोळे औषधाने मिटले आणि त्याला बरंच वाटलं. बरं वाटलं म्हणून मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

बायको औषधं आणायला खाली गेली. नर्सने येऊन सलाईनची नवी बाटली लावली आणि पलंगाच्या कडेच्या लहानशा यंत्राचं बटण दाबलं. "हे संपत आलं की यंत्र वाजेल, काका. वाजलं की लगेच मला बोलवा. कॉरिडॉरच्या टोकाला आहे मी."

"हो," कानसेन म्हणाला. सवयीने म्हणाला.

नर्स गेली. तो खुर्ची ओढून यंत्रासमोर बसला आणि बाटलीवर नजर लावून राहिला. थेंब पडत होते. पाच मिनिटांत त्याचे डोळे चुरचुरायला लागले. दोन रात्री तो झोपला नव्हता, मान सारखी पुढे पडत होती. शेवटी त्याने खिडकीशी चित्र काढत बसलेल्या ठिपकीला हाक मारली.

"ठिपके, इथे येऊन बस. हे यंत्र वाजलं की मला सांग."

ठिपकी पेन्सिल हातात घेऊन आली. भुवईवरच्या पट्टीमुळे तिचा एक डोळा अर्धाच उघडत होता. तिने यंत्राकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "तुम्हाला नाही येणार ऐकू?"

"नाही." हे तो जन्मात पहिल्यांदा कुणापुढे बोलत होता.

"गाडीत पण नव्हतं आलं?"

"नाही."

ठिपकीने थोडा विचार केला. रागावलेली दिसत नव्हती, नुसती आठवत होती. "मी तेव्हा सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नाटकी म्हणालात."

"हो. म्हणालो होतो."

ती त्याच्या शेजारी स्टुलावर चढून बसली. मांडीवर वही ठेवून तिने चित्र पुढे चालू केलं. कानसेन कधी बाटलीकडे बघत होता, कधी मुलीच्या पायातल्या सळयांकडे. कॉरिडॉरमधून चाकाची गाडी ढकलत कुणी गेलं. तिच्या एका चाकाचं बेअरिंग गेलंय, हे त्याला बसल्या जागी कळलं आणि ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

मग ठिपकीची पेन्सिल थांबली. तिने वही बाजूला ठेवली, दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबले आणि त्याच्याकडे पाहिलं.

खोलीत त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तो उठला आणि नर्सला बोलवायला गेला.